बांधणारे आणि सोडणारे

कर्नलनं गादी बळकावली आणि शहरातल्या मोठ्या माणसांचे हात एकाएकी फार स्वच्छ दिसायला लागले. नखं कापलेली, बोटांना अत्तर लावलेलं. कोणत्या घडीला राजवाड्यातून बोलावणं येईल आणि तो हात नव्या मालकाच्या हातावर ठेवावा लागेल, याचा नेम नव्हता. जुने अमीर, म्हणजे कालपर्यंतचे राज्यकर्ते, आपल्याच बंगल्याच्या मागच्या खोलीत कैदेत पडले होते, आणि काही वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांचा हात डोळ्यांना लावला होता तेच लोक आता साबण घासत बसले होते.

मुफ्तीसाहेबांना या लोकांचा तिटकारा होता, आणि तो लपवायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती. ते शरियतच्या विद्यालयात सत्तेचं प्रकरण शिकवत. सत्ता खरी कोणाची, खोटी कोणाची आणि ते ठरवायचं कोणी, हा त्यांचा विषय. जुन्या ग्रंथांत उत्तर स्पष्ट होतं. माणूस गादीवर बसला म्हणून राज्यकर्ता होत नाही. समाजातली जाणती माणसं सगळ्यांच्या वतीनं त्याच्या हातावर हात ठेवून निष्ठेचा शब्द देतात, तेव्हा तो होतो. या शब्दाला बैअत म्हणतात, आणि तो देणाऱ्यांना ग्रंथांत मोठं भारदस्त नाव आहे, बांधणारे आणि सोडणारे. गाठ मारायची त्यांनी, आणि राज्यकर्ता बिघडला तर ती सोडायचीही त्यांनीच.

"आणि आपल्याकडे हे बांधणारे-सोडणारे कोण?" मुफ्तीसाहेब वर्गात विचारत आणि उत्तर स्वतःच देत. "सहा जणांचं मंडळ. सहाही जणांना आपल्या पायजम्याच्या नाडीची निरगाठ सुटत नाही. ते राज्य सोडवणार."

पोरं हसत. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे विद्यालयाचेच प्राचार्य. ते दाढीला इतका काळाकुट्ट कलप लावत की उन्हाळ्यात त्याचे ओघळ कॉलरवर उतरत. सगळं शहर त्यांना कलपवाले म्हणे. बाकीचे पाच जण कलपवाल्यांकडे पाहून मान हलवत, आणि त्यातला एक तर मान हलवता हलवता झोपी जाई.

त्या शहरात बैअतीच्या शेपटाला एक अट लावलेली होती. जुन्या अमीरांच्या आजोबांनी ती घुसडली, आणि नंतर कोणाला ती काढावीशी वाटली नाही. शब्द देणारा शेवटी म्हणे, 'मी हा हात मागे घेतला, तर माझी बायको तीन तलाकांनी मला परकी.' शिपायापासून सेनापतीपर्यंत प्रत्येकानं हे म्हणायचं. मुफ्तीसाहेबांच्या अंगाचा या वाक्यानं तिळपापड होई. शब्द या शूरवीरांचा, आणि त्याला जामीन कोण, तर घरात बसलेली बाई, तीही तिला न विचारता.

एक प्रश्न मात्र कायम उरे. बंदूक रोखून घेतलेला शब्द बांधतो का? यावर जुन्या पंडितांची दोन मतं होती. एक म्हणे, तोंडातून निघाला तो शब्द निघाला, त्यानं बैअतही लागू होते आणि तलाकही. दुसरं म्हणे, जबरदस्तीचा शब्द म्हणजे वारा, त्यानं काहीच होत नाही. मुफ्तीसाहेबांनी हयातभर दुसरं मत शिकवलं. त्यापायी जुन्या अमीरांनी त्यांना एकदा नोकरीवरून काढून घरात बसवलं होतं, आणि तरी त्यांनी एक अक्षर मागे घेतलं नाही. लोक त्यांना मानत ते यासाठी. त्यांच्या तिरकस जिभेचा सगळ्यांना त्रास होई, पण ही जीभ विकत मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि नेमका त्याच मताचा कर्नलनं शिडीसारखा वापर केला. सत्ता घेतली त्या सकाळी तो रेडिओवरून बोलला, "मी आणि माझ्या जवानांनी जुन्या अमीरांना दिलेला शब्द दबावाखाली दिला होता. आमच्या थोर मुफ्तीसाहेबांच्या शिकवणीप्रमाणे असा शब्द वारा असतो. आम्ही कोणतीही शपथ मोडलेली नाही." मुफ्तीसाहेबांनी रेडिओ बंद केला आणि हातातला चहा मोरीत ओतून दिला.

त्यांच्या संतापाचं आणखी एक कारण होतं. हा कर्नल त्यांचा जावई होता.

लग्न झालं तेव्हा तो कॅप्टन होता. मुफ्तींचा जावई म्हणवून घेतलं की बराकीत आणि मशिदीत दोन्हीकडे वजन पडतं, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. मुफ्तीसाहेबांची पोरगी लहानपणी दाराआड बसून बापाचे धडे ऐकत मोठी झालेली, नाकासमोर चालणारी आणि तोंडावर बोलणारी. कॅप्टनचा मेजर झाला, मेजरचा कर्नल झाला, आणि दर बढतीबरोबर त्याला तिचं बोलणं जास्त टोचायला लागलं. पुढं त्यानं हात उचलायला सुरुवात केली. तिनं सुटका मागितली तेव्हा तो हसला. बाईला सुटका मागता येते, पण नवरा राजी हवा, नाहीतर काझीचा हुकूम हवा. कर्नलच्या विरुद्ध हुकूम देईल असा काझी तेव्हाच नव्हता. आता तर तो अमीर झाला होता आणि काझी त्याच्या बुटांना हात लावत होते.

"थोडं सबुरीनं घे पोरी," असं बापानं तिला तेव्हा म्हटलं होतं. ते शब्द मुफ्तीसाहेबांना आजही काट्यासारखे सलत.

*

कलपवाले आले ते दुपारच्या तासानंतर. मुफ्तीसाहेबांच्या खोलीत पुस्तकांची कपाटं, एक डगमगतं टेबल आणि खिडकीत वाळत घातलेला रुमाल. पाहुण्यासाठी एकच खुर्ची होती, तिच्यावर मांजर झोपलं होतं. मुफ्तीसाहेबांनी मांजराला उठवलं नाही.

"तुम्हाला माहीतच आहे," कलपवाले उभ्या उभ्या म्हणाले, "शुक्रवारी मोठ्या सभागृहात जाहीर बैअत आहे. टीव्हीवर थेट दाखवणार आहेत."

"आधी झाली ती काय होती? तालीम?"

"चार महिन्यांपूर्वी त्या वेळी दारात बंदुका होत्या, त्यामुळे लोक कुजबुजतात. म्हणतात, अमीर स्वतःच रेडिओवर बोलले की जबरदस्तीचा शब्द वारा. मग आमचाही वाराच. बराकीतून शिपाई पळायला लागलेत." कलपवाल्यांनी रुमालानं मान पुसली, रुमाल काळा झाला. "तेव्हा अमीरांना एक फतवा हवा आहे. जबरदस्तीची बैअत बांधते, तिच्या सगळ्या अटींसह. मतं दोन्ही आहेत आपल्या परंपरेत. आपण फक्त पहिलं निवडायचं."

"मग निवडा ना. मंडळ तुमचं आहे, शिक्का तुमचा आहे."

कलपवाल्यांनी मान खाली घातली. "आमचं कोण ऐकतो?" ते म्हणाले.

मुफ्तीसाहेबांना ही कबुली फार आवडली. असं निखळ सत्य या माणसाच्या तोंडून त्यांनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. "म्हणजे तुमच्या जावईबापूंना," ते म्हणाले, आणि मग थबकले, "नाही, जावई माझेच, तुमचे फक्त अमीर. तर त्यांना गादीवर चढताना माझं एक मत लागलं, आणि आता तिथं टिकून राहायला बरोबर उलटं मत हवंय. आणि दोन्ही एकाच तोंडून. मी काय त्यांच्या घरचा नळ आहे? डावीकडे फिरवला की गरम, उजवीकडे फिरवला की गार?"

"मी फक्त निरोप्या आहे."

"ते दिसतंच आहे. निरोप पोचला म्हणून सांगा. उत्तर नाही म्हणून सांगा."

कलपवाले निघाले. दारात वळून हळूच म्हणाले, "तुम्हाला परवडतं हो. आमच्या घरी बायका-पोरं आहेत." मुफ्तीसाहेबांची बायको कधीच वारली होती, त्यामुळे टोमणा खरा होता. पण तिटकाऱ्यात तसूभरही फरक पडला नाही.

*

दुसऱ्या दिवशी पोरगी आली. दाराशी काळी गाडी थांबली, दोन पहारेकरी बाहेर उभे राहिले आणि ती आत येऊन सरळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. बाहेर ऊन रणरणत होतं, तरी तिच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या होत्या. मुफ्तीसाहेबांनी बाह्यांकडे पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. तिनंही ते दिसलं नाही असं दाखवलं.

"तुमची समजूत काढायला पाठवलंय मला," ती म्हणाली. "फतवा द्या म्हणून."

"मग काढ समजूत."

"अब्बा, चहा तरी करू द्या आधी."

तिनं पाणी ठेवलं. पातेलं तिच्या आईच्या वेळचं होतं, एक कान तुटलेलं, आणि ते कसं धरायचं हे तिच्या हाताला अजून लक्षात होतं. मुफ्तीसाहेब कर्नलच्या नावानं बोटं मोडत राहिले. हा माणूस म्हणे दबावाखाली शब्द देऊन बसला होता. कोणाच्या दबावाखाली? जुन्या अमीरांनी याला पोटच्या पोरासारखा वाढवला, वर चढवला, आणि यानं त्यांनाच मागच्या खोलीत कोंडलं.

"दबाव कुठला," पोरगी म्हणाली. "जुन्या अमीरांना शब्द दिला त्या दिवशी सकाळी मी त्यांना पाहिलंय. शिट्टी वाजवत वाजवत गणवेशाला इस्त्री करत होते. मला हातही लावू दिला नाही, म्हणाले तुला कडक घडी जमत नाही. टीव्हीवर शब्द देताना गालात हसत होते. बढती मिळणार होती ना."

"मग तो शब्द राजीखुशीचा. माझ्या मतानंही तो त्याला बांधतो." मुफ्तीसाहेब सवयीनं शिकवायच्या आवाजात गेले. "आणि त्यानं तो मोडला. म्हणजे अट लागू. म्हणजे..."

पोरगी गाळणीकडे पाहत उभी होती.

"म्हणजे गादी घेतली त्या दिवसापासून मी त्यांची कोणी नाही," ती म्हणाली. "हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दाराआड बसून इतकं तरी शिकलेय. पण काझीसमोर ते एकच वाक्य बोलणार, माझ्यावर जबरदस्ती झाली होती. शिट्टीला साक्षीदार कुठून आणू? आणि तुमचं मत त्यांच्या बाजूनं. जबरदस्तीचा शब्द वारा."

उकळलेला चहा ओसंडला, तिनं पातेलं उतरवलं. मुफ्तीसाहेबांना सगळं चित्र दिसलं, आणि त्याबरोबर स्वतःचाच तिटकारा आला. ज्या मतापायी ते आयुष्यभर ताठ मानेनं हिंडले, त्याच मताच्या भिंतीआड त्यांच्या पोरीला कोंडलं होतं.

"उद्या जबरदस्तीचा शब्दही बांधतो असं ठरलं," पोरगी कपात चहा ओतत म्हणाली, "तर त्यांना तिथं लपायला जागा राहत नाही. एवढंच. मी तुम्हाला द्या म्हणत नाही, अब्बा. निरोप होता तो दिला."

"तुला कळतंय का तू काय मागतेयस?"

"मी काही मागितलेलं नाही. मागं एकदा मागितलं होतं."

ती हे रागानं म्हणाली नाही, आणि त्यानंच ते जास्त लागलं. मुफ्तीसाहेब कप हातात धरून बसले. हा फतवा दिला की शहरात जो जो दमदाटीनं शब्द देऊन बसला होता, तो तो खरोखर बांधला जाणार होता. पळालेल्या शिपायांना वाटणार, आपली बायको गेली. त्यांचे विद्यार्थी त्यांच्या तोंडावर थुंकणार. कलपवाल्यांच्या आणि त्यांच्यात नखाएवढंही अंतर उरणार नव्हतं. आणि कारण सांगायची सोय नव्हती. आधी बोललं तर फतवाच होणार नव्हता, आणि नंतर बोललं तर काय होईल याची खात्री नव्हती.

"गाडी थांबलीय," पोरगी म्हणाली. तिनं कप विसळून पालथा घातला आणि गेली.

*

सभागृहात प्लास्टिकची फुलं होती, सोनेरी पाठीची खुर्ची होती आणि थंडी इतकी सोडली होती की मागच्या रांगेतले म्हातारे कुडकुडत होते. टीव्हीवाल्यांनी कर्नलकडून हात पुढे करण्याची तालीम करून घेतली. पहिल्यांदा हात फार वर आला, मग प्रकाश चुकला, मग कर्नलच्या बाहीचं बटण चमकलं. तो दर वेळी रिकाम्या हवेपुढे हात धरून तितक्याच गांभीर्यानं उभा राहिला. मुफ्तीसाहेबांना वाटलं, या माणसाच्या आयुष्यातला हाच सगळ्यात प्रामाणिक क्षण असावा. समोर कोणीही नाही आणि हा बैअत घेतोय.

मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. आपले विद्यार्थी वरच्या सज्जात बसले आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

त्यांनी वाचलं ते थोडकं होतं. परंपरेत दोन मतं आहेत. मी आजवर दुसरं शिकवत आलो. आजपासून या राज्यात पहिलं मत लागू राहील. बैअत दबावाखाली दिलेली असो की खुशीनं, आज दिलेली असो की पूर्वी, ती बांधते, तिच्या प्रत्येक अटीसह. अमीरांनी हे मान्य केलं आहे आणि त्यावर त्यांचा शिक्का आहे.

'की पूर्वी' हे शब्द त्यांनी मुद्दाम सावकाश उच्चारले. कर्नलच्या चेहऱ्यावर कसलीही चलबिचल दिसली नाही, तो कॅमेऱ्याकडे पाहत होता. पण मंडळाच्या रांगेत हे दोन शब्द एकेकाच्या डोक्यात शिरताना मुफ्तीसाहेबांना स्पष्ट दिसले. पहिल्यांदा कलपवाल्यांचा चेहरा पांढरा पडला, त्यामुळे दाढी आणखीच काळी दिसली. मग शेजारच्याचा, मग त्याच्या शेजारच्याचा. झोपणाराही जागा झाला. सहाही जणांनी जुन्या अमीरांना हाच शब्द दिला होता, याच अटीसह, आणि सहाही जण तो मोडून इथं बसले होते. या फतव्यानं सहाही घरांतल्या बायका परक्या झाल्या होत्या. एकानं जरी उठून हे बोलून दाखवलं असतं, तरी सगळा खेळ तिथंच मोडला असता.

कोणी उठलं नाही. सहाही जणांनी मिठाची गुळणी धरली. आपल्याला कळलंच नाही असं एकदा ठरवलं की घरी जाऊन नेहमीसारखं जेवता येतं. मुफ्तीसाहेबांनी ज्याच्यावर सगळा डाव लावला होता ते धैर्य नव्हतंच, तो यांचा भेकडपणा होता, आणि तो पुरून उरला. मग ते एकामागून एक पुढे गेले आणि स्वच्छ धुतलेले हात कर्नलच्या हातावर ठेवून तीच अट पुन्हा म्हणाले.

मुफ्तीसाहेबांनाही हात ठेवावा लागला. वरच्या सज्जात कोणीतरी खुर्ची जोरात मागे सरकवून निघून गेलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी आली. कर्नलच्या कार्यालयात तो टेबलामागे बसला होता, आणि खिडकीपाशी पोरगी उभी होती. पायाशी एक छोटी बॅग होती.

"ही काय म्हणतेय ते ऐकलंत का?" कर्नल म्हणाला. "म्हणतेय, ही माझी बायको नाही."

"तुमच्या शिक्क्यानिशी नाही," मुफ्तीसाहेब म्हणाले. त्यांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं, तरी ते बसले. "जुन्या अमीरांना तुम्ही शब्द दिला होता. दबाव होता की नव्हता हा प्रश्न कालपासून उरला नाही. तो शब्द तुम्ही मोडलात. अट लागू झाली. तुम्ही गादी घेतलीत त्याच दिवशी हिचा आणि तुमचा संबंध संपला, आणि मधल्या महिन्यांत हिची इद्दत, म्हणजे तलाकनंतर थांबायची मुदत, तीही होऊन गेली. ही मोकळी आहे."

"तुम्ही मला फसवलंत."

"तुम्ही मागितलं तेच दिलं. शब्दही तुमचेच होते, मी फक्त शुद्धलेखन तपासलं."

कर्नलच्या कपाळावरची शीर फुगली. तो अर्धा उठला. पोरगी जागची हलली नाही, पण तिनं बॅगेचा बंद घट्ट धरला. हा माणूस उठताना कशासाठी उठतो हे तिच्या बोटांना पाठ होतं, आणि ते पाहून मुफ्तीसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच धारदार झाला.

"बसा कर्नलसाहेब, आणि नीट ऐका. तुम्हाला हिला ठेवून घ्यायचं असेल तर सोपं आहे. आत्ता टीव्हीवर जाऊन सांगा, फतवा चुकीचा, जबरदस्तीचा शब्द वारा. ही तुमची बायको राहील. फक्त दुपारपर्यंत तुमच्या बराकी रिकाम्या होतील, कारण मग त्या सगळ्यांचाही शब्द वारा. आणि मला आत टाकायचा विचार असेल, तर लोक म्हणतील फतवा मुफ्तींकडून धमकावून घेतला. धमकावून घेतलेला फतवा बांधतो की नाही, ते मी अजून लिहिलेलं नाही."

कर्नल बसला. समोर चहा होता. त्यानं एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि तेवढ्यात त्याचा निर्णय झालेला होता. मुफ्तीसाहेबांना त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती, तरी इतकी घाई पाहून त्यांना पोरीकडे बघवेना. एवढ्या वर्षांच्या संसाराची किंमत चहाच्या एका घोटाइतकी ठरली होती.

"वडिलांची तब्येत बरी नाही म्हणून ती माहेरी गेली आहे," कर्नल भिंतीकडे पाहत म्हणाला. "बाहेर हेच सांगायचं. यातला एक शब्द बाहेर फुटला, फतव्याचा हा अर्थ कोणाच्याही तोंडी आला, तर मी तुम्हा दोघांना सोडणार नाही, मग बराकी राहोत नाहीतर जावोत. गाडी सोडेल तुम्हाला."

"गाडी नको," पोरगी म्हणाली. तिचं त्याच्याशी हे शेवटचं बोलणं.

बापलेक चालत घरी गेले. कोपऱ्यावरचा भाजीवाला मुफ्तीसाहेबांना रोज सलाम करी. आज त्यानं पोरीला केला, म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही, आणि टोमॅटो पुसत राहिला.

*

विद्यालयात वर्ग रिकामा होता. फळ्यावर खडूनं एक नळ काढलेला होता, त्याला दाढी होती. कलपवाल्यांना दिलेलं उत्तर त्यांनी स्वतःच मोठ्या हौशीनं वर्गात सांगितलं होतं. मुफ्तीसाहेबांनी फळा पुसला नाही, चित्र चांगलं जमलं होतं.

शेवटच्या बाकावर एकच विद्यार्थी बसला होता. हुशार, आणि भांडखोर म्हणून त्यांचा लाडका. त्याचा थोरला भाऊ शिपाई होता.

"उस्ताद, माझा भाऊ तुमच्या शब्दावर पळून आलाय," तो म्हणाला. "मी त्याला सांगितलं होतं, मुफ्तीसाहेब म्हणतात जबरदस्तीचा शब्द वारा. काल वहिनीनं टीव्ही पाहिला. ती माहेरी निघून गेली. म्हणते, आता तुमच्या घरात राहणं पाप. मी त्याला काय सांगू?"

उत्तर होतं. त्यानं डोकं शांत ठेवून 'की पूर्वी' या दोन शब्दांवर बोट ठेवलं असतं, तर त्यालाच दिसलं असतं की हा फतवा आधी कोणाला खातो. पण रागात माणसाला पुढचं पान दिसत नाही, आणि ते उलटून दाखवणं म्हणजे पोरीला पुन्हा त्या घरात पाठवणं होतं. मुफ्तीसाहेबांनी हयातीत पहिल्यांदा विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

"किती मिळालं?" त्या मुलानं विचारलं. मग तो उठला आणि दार उघडं टाकून गेला.

संध्याकाळी कलपवाले घरी आले. हातात मिठाईचा पुडा होता. ते आजवर या घराचा उंबरा ओलांडून कधी आत आले नव्हते, आज चप्पल काढून सरळ बैठकीवर ऐसपैस बसले.

"लोकांचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "सुरुवातीला सगळ्यांनाच लागतं. मलाही लागलं होतं. दोन-तीन आठवडे झोप येत नाही, मग येते." त्यांनी आवाज उतरवला. "आणि त्या दुसऱ्या गोष्टीचं म्हणाल, त्या अटीचं, तर मंडळात कोणाच्याही ते ध्यानात आलेलं नाही. माझ्याही आलेलं नाही. येणारही नाही. आपल्या सगळ्यांचीच घरं आहेत, नाही का? तुम्ही तेवढा शहाणपणा दाखवाल असं मला वाटलं नव्हतं. मी चुकलो."

मुफ्तीसाहेबांच्या जिभेवर दहा उत्तरं आली, एकाहून एक झणझणीत. आत स्वयंपाकघरात कान तुटलेलं पातेलं वाजलं. पोरगी काहीतरी गुणगुणत होती, आणि तिच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या होत्या, हे त्यांना इथून दिसत होतं.

त्यांनी दहाही उत्तरं गिळली.

"मग आता तुम्ही आमच्यातले," कलपवाले उठताना म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.

तो हात मऊ, गरम आणि अत्तराच्या वासाचा होता. मुफ्तीसाहेबांनी तो हातात घेतला, आणि कलपवाले सोडेपर्यंत धरून ठेवला.